केनवडचं लेकरू कुठे मोजायचं?

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. का, या प्रश्नाला आमच्या भागात एक ठरलेलं उत्तर आहे. सोसायटीच्या बैठकीत ऐका, किराणा दुकानात ऐका, शाळेच्या फाटकाशी ऐका: "बाहेरून लोंढे येतात हो, शहराला किती पुरणार?" मागच्या महिन्यात वयानं मोठ्या, शिकलेल्या एका गृहस्थांनी हेच वाक्य मला ऐकवलं. पुढे म्हणाले, "तुमच्या विदर्भ-मराठवाड्यातून तर ट्रॅव्हल्स भरभरून येतात. एका खोलीत सात-सात माणसं. पोरंबाळं किती! कर भरायचा नाही, मतदान गावाकडे, आणि सोयी मात्र सगळ्या इथे हव्यात." त्यांच्या घरी पाहुणा म्हणून गेलो होतो, म्हणून त्या वेळी गप्प बसलो. आज बोलतो.

मी केनवडचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. बावीस वर्षं चिखलीत राहतो. माझे दोन चुलतभाऊ, एक पुतणी, मावसबहिणीचं कुटुंब आणि गावातली आणखी कितीतरी घरं भोसरी, मोशी, चिखली, तळवडे या पट्ट्यात आहेत. त्यांच्या वतीनं कुणी मला बोलायला सांगितलेलं नाही. पण 'लोंढा' हा शब्द मला सहन होत नाही. लोंढा पुराच्या पाण्याचा असतो. त्याला नाव नसतं, गाव नसतं, आईबाप नसतात. माणसांना एकदा लोंढा म्हटलं की मग त्यांचं काय करायचं एवढाच प्रश्न उरतो. ते कोण, हे विचारायची गरज राहत नाही.

तर आधी ते कोण, हेच पाहू. आणि त्यासाठी 'इथले' कोण, हेही पाहावं लागेल.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हा हा परिसर म्हणजे नदीकाठची खेडी होती. त्याच्या थोडं आधी, फाळणीनंतर, सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी पिंपरीत कॅम्प उभा राहिला होता. पुढे एमआयडीसी आली, आकुर्डीला बजाज आली, टेल्को आली. कारखान्यांमागून सातारा, सांगली, सोलापूर, नगर, कोकण, खानदेश इथली माणसं आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसं घराघरातल्या बाळंतपणांनी वाढत नाहीत. तेव्हा या शहरात आलेल्यांमुळे गर्दी झाली, असं म्हणणंच उलटं आहे. आलेल्यांचंच हे शहर झालं. माझ्याशी बोलणारे ते गृहस्थ १९७८ मध्ये कोरेगावहून आले. मी त्यांच्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आलो. आमच्यातला फरक एवढाच आहे.

खरे मूळचे म्हणावेत अशी कुटुंबंही आहेत. १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली, वाकड, रावेत, पुनावळे अशी आजूबाजूची गावं हद्दीत आली, तिथली जुनी घराणी. त्यांची जमीन गेली, शेती संपली, त्यांचं दुःख मी नाकारत नाही. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या काढल्या आणि आज त्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं. ते भाडं कोण देतं? केनवडचा, मेहकरचा, हिंगोलीचा, आझमगडचा माणूस देतो. महापालिकेची मालमत्ता कराची पावती घरमालकाच्या नावानं निघते, पैसे भाडेकरूच्या खिशातून येतात. आणि ज्या जकातीवर ही महापालिका वर्षानुवर्षं श्रीमंत म्हणवली गेली, ती जकात कारखान्यांत येणाऱ्या ज्या मालावर लागायची, त्या मालाला कंत्राटी हेल्परचे हात लागत होते. म्हणून 'कर भरत नाहीत' हा आरोप खोटा आहे.

आता 'स्थलांतरित' या शब्दाकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सगळा घोळ याच शब्दात आहे.

जनगणनेत स्थलांतरित कोण? ज्याचं जन्माचं किंवा आधीच्या राहण्याचं ठिकाण मोजणीच्या ठिकाणापेक्षा वेगळं आहे, तो. बस, एवढंच. या हिशेबानं २०११ मध्ये देशात ४५ कोटींहून जास्त माणसं स्थलांतरित होती, म्हणजे शंभरातली सदतीस-अडतीस. माझी आई रिसोडजवळच्या गावातून लग्न होऊन केनवडला आली, ती त्या आकड्यात आहे. त्या गृहस्थांच्या पत्नी आहेत. या देशातल्या बहुतेक सासुरवाशिणी आहेत, कारण स्थलांतराच्या कारणांत बायकांच्या बाबतीत 'विवाह' हे सगळ्यात मोठं कारण आहे. आणि या ४५ कोटींतले अठ्ठ्याऐंशी टक्के लोक आपल्याच राज्यात, बहुतेक तर आपल्याच जिल्ह्यात हललेले आहेत. राज्याची सीमा ओलांडणारे साडेपाच कोटींच्या आत. वर्तमानपत्रात '४५ कोटी स्थलांतरित' असा मथळा येतो तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेल्वेच्या डब्याला लटकलेली माणसं येतात. त्या आकड्यातली सगळ्यात मोठी संख्या डोईवर पदर घेऊन शेजारच्या गावात नांदायला गेलेल्या बाईची आहे.

माझ्या पुतणीचं उदाहरण सांगतो. ती आणि जावई मोशीत राहतात, दोघंही कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत; सातव्या महिन्यात ती केनवडला गेली. मुलगा रिसोडच्या दवाखान्यात झाला. बारसं केनवडला झालं. तीन महिन्यांनी मोठ्या मायनं बाळंतविडा, डिंकाचे लाडू आणि तुरीच्या डाळीचं पोतं ट्रॅव्हल्सच्या डिकीत घातलं आणि मायलेक मोशीला परत आले. आता जनगणनेच्या तक्त्यात स्थलांतराच्या कारणांमध्ये एक रकाना आहे: 'जन्मानंतर स्थलांतर'. तो मुलगा त्या रकान्यात बसतो. भिंतीपलीकडच्या खोलीत बिहारमधलं एक जोडपं आहे. त्यांची मुलगी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जन्मली, आईवडिलांना गावी जायला रजा नव्हती म्हणून. ती तक्त्यात स्थलांतरित नाही, ती इथली. एका पत्र्याखाली, एका नळावर वाढणारी ही दोन लेकरं. कागदावर मराठी आईबापांचं लेकरू बाहेरचं आणि बिहारी आईबापांचं इथलं. चूक जनगणनेची नाही. तिनं जे विचारायचं ते नीट विचारलं. चूक आपली आहे. जो आकडा माणूस कुठून कुठे आला एवढंच सांगतो, त्याच्यावरून आपण माणूस कुणाचा हे ठरवायला बसलो.

पोरं फार, हा आरोप तर मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतो. म्हणजे राज्यातली बाई सरासरी दोनसुद्धा मुलं जन्माला घालत नाही. केनवडकडच्या माझ्या पिढीला चार-चार, पाच-पाच भावंडं होती. आमच्या मुलांना एखादंच आहे. मग मोशीच्या चाळीत पोरंच पोरं का दिसतात? कारण तिथे राहणारे सगळे वीस ते पस्तीस वयाचे आहेत. ज्या वयात मुलं होतात, त्या वयाची माणसं एका ठिकाणी गोळा झाली की तिथे पाळणे दिसणारच. याच घरांतले आजी-आजोबा मोजायचे तर केनवडला जावं लागेल. ओट्यावर बसलेले, गुडघे धरून उठणारे, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड पाहणारे. एक कुटुंब चारशे किलोमीटरवर दोन तुकड्यांत राहतं. शहराला फक्त तरुण तुकडा दिसतो आणि शहर म्हणतं, यांची पैदास फार. गावाला फक्त म्हातारा तुकडा दिसतो आणि गाव म्हणतं, पोरं पळाली. दोन्ही वाक्यं अर्ध्या घराकडे बघून बोललेली आहेत.

शाळांचंही तेच. २०२३ मध्ये शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करायची चर्चा काढली, तेव्हा राज्यात अशा जवळपास १५ हजार शाळा असल्याचं पुढे आलं. त्याच वेळी आमच्याकडे महापालिकेच्या शाळेत एका वर्गात साठ-साठ मुलं बसतात. ही नवी मुलं कुठून उगवलेली नाहीत. तिकडच्या हजेरीपटावरून कमी झालेली तीच नावं इथे आली आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. दुसऱ्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरी दर जूनमध्ये कुणीतरी बाप माझ्याकडे येतो: "दाखला आणाले गावी जा म्हणतात. दोन दिवसाची हजेरी बुडते." शिक्षक हलवायला हवेत, वर्ग बांधायला हवेत, ते काम राहतं आणि दोष मुलाच्या बापाला लागतो.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न येतो, आणि तो मला टाळायचा नाही. "सिंधी निर्वासितांची गोष्ट वेगळी होती. ते नाइलाजानं आले. तुम्ही आपल्या मर्जीनं येता." अर्धं मान्य करतो. फाळणीत ज्यांची घरं गेली त्यांना परतायला गाव उरलं नाही. आम्हाला केनवड आहे, पोळ्याला घरी जाता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यांच्या दुःखाशी मी आमची बरोबरी करणार नाही. पण 'मर्जी' हा शब्द तपासून पाहा. वाशीम हा पश्चिम विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, जिथल्या शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले गेले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीम आहे. कोरडवाहू दोन-अडीच एकर वावर, त्यात सोयाबीन, आंतरपीक तूर. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याच्या खाली माल द्यावा लागला. बियाणं, फवारणी, कापणीचे पैसे वजा करा. भावाभावांत वाटणी करा. उरलेल्या रकमेत एक घर वर्षभर चालवून दाखवा, मग मर्जीचं बोलू.

निर्वासितांच्या गोष्टीतला खरा धडा मात्र वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. त्यांना मोजलं गेलं होतं. १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद झाली. देशभरात सत्तर लाखांवर माणसं भरली. कुठल्या कॅम्पात किती कुटुंबं, हे सरकारला माहीत होतं. म्हणून जागा ठरल्या, बराकी मिळाल्या, कर्जं मिळाली, शाळा निघाल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झालं. त्रास त्यांनाही खूप झाला, त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. पण ते आहेत, एवढं राज्यानं मान्य केलं होतं. आज पिंपरी कॅम्पातल्या बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला सगळं शहर जातं आणि त्या दुकानदाराला बाहेरचा म्हणावं असं कुणाच्या मनात येत नाही.

आमची मोजणी २०११ ला थांबली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. राज्याच्या अन्नसुरक्षेच्या यादीची कमाल मर्यादा सुमारे सात कोटी माणसांची आहे आणि तिचा आधार आजही २०११ चाच आहे. त्यात ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी ७६ माणसांना जागा आहे, शहरातल्या शंभरांपैकी ४५ जणांना. ज्या बाईचं कार्ड केनवडला चालू आहे, तिनं ते इकडे आणलं तर मोठ्या यादीतून निघून छोट्या यादीच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून ती ते आणत नाही. याला कुणी लबाडी म्हणू नये. घर चालवणाऱ्या बाईचा तो साधा हिशेब आहे.

देशात कुठेही अंगठा लावून धान्य उचलता येईल अशी सोय सरकारनं केली आहे. चांगली सोय आहे, मी तिचं स्वागत केलं होतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींबरोबर एका रेशन दुकानात गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, नाव आलं, कुटुंबातली चार नावं आली, हिरवा दिवा लागला. दुकानदार म्हणाला, "साठा इथल्या कार्डांपुरताच येतो. उरलं तर महिनाअखेरीस या." वहिनी रिकामी पिशवी घडी करत मला म्हणाल्या, "भाऊ, माहा अंगठा तं मशीनमंदी लागते, मंग गहू काहून नाही भेटत?" मी काय उत्तर देणार? दुकानदारावरही मला राग धरता आला नाही. त्याच्याकडे खरोखर पोती कमी होती. वहिनी इथे राहतात हे मशीनला कळलं होतं, पण गोदामाला कळलं नव्हतं.

कायद्यातही आमची नोंद अशीच निसटली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. वाशीमहून चाकणला कंत्राटदारानं आणलेला पोरगा त्यात बसतच नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत माणसं पिशव्या डोक्यावर घेऊन चालत निघाली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी त्यांच्याकडे नाही. जिवंतपणी ज्यांची नोंद नव्हती, त्यांची मेल्यावर कुठून मिळणार?

आता पाण्याबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली. पिंपरी-चिंचवड पिते ते पाणी मुख्यतः पवना धरणाचं. ते नदीतून रावेतपर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं, मावळातली गावं त्यात बुडाली आणि त्यातल्या अनेक कुटुंबांची पुनर्वसनाची मागणी पन्नास वर्षांनंतरही चालू आहे. धरणातून थेट बंद नळानं पाणी शहराला न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघं मारले गेले. त्यात एक बाई होती. तेव्हा 'आमचं पाणी' म्हणायचा पहिला अधिकार कुणाचा असेल तर तो त्या गावांचा आहे. सोसायटीतल्या माझ्या मित्रांचा नाही, माझाही नाही. आणि पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत पंधरा कुटुंबांना एक नळ असतो. तिथली बाई पहाटे चार वाजता उठून दोन हंडे आणि एक ड्रम भरते. तरणतलाव, गाड्या धुणं आणि हिरवळ तिच्या वाट्याला नाही. पाणी कमी पडण्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडायला मन धजावतं कसं?

हे सगळं लिहिताना एक बोल आपल्याच माणसांना लावायचा आहे. केनवडची, रिसोडची, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावची कितीतरी पोरं इथे आठ-दहा वर्षं झाली की युपी-बिहारच्या माणसाबद्दल तेच बोलायला लागतात, जे त्यांना स्वतःला ऐकावं लागलं. "या भय्यांनी रेट पाडले." रेट ठेकेदार पाडतो. ज्याला उद्या कामावरून काढलं तर विचारणारं कुणी नाही, असा माणूस त्याला हवा असतो. कालपर्यंत तो माणूस आपण होतो. सोयाबीनच्या हंगामात आपल्याच वावरात मेळघाटातून, मध्य प्रदेशातून सोंगणीला मजूर येतात, त्यांना आपण कुठे झोपवतो, हेही एकदा आठवावं. भारतात कुठेही जायचा आणि राहायचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या कलमानं सगळ्यांना दिला आहे. तो केनवडपुरता मागायचा आणि आझमगडला नाकारायचा, असं चालणार नाही.

मतदान गावाकडे करतात, हा आरोप राहिलाच. इथे नाव नोंदवलं की 'मतांसाठी आणून बसवलेले', गावाकडे ठेवलं की 'इथल्याशी देणंघेणं नाही'. दोन्हीकडून मार बसत असेल तर आपण जिथे राहतो तिथे नोंद करावी. कायदाही तेच सांगतो: ज्या ठिकाणी माणूस सर्वसाधारणपणे राहतो, तिथला तो मतदार.

म्हणून मोशी-चिखलीतल्या केनवडकरांना आणि सगळ्याच गावाकडच्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा "आम्ही इथले नाही" असं म्हणून त्याला परत पाठवू नका. घरमालक ओरडेल, खोली जाईल, या भीतीनं माणसं कमी सांगू नका. एका खोलीत सात असाल तर सातही नावं द्या, तान्ह्या लेकराचंसुद्धा. आधी कुठे राहत होता असं विचारलं तर नुसतं 'विदर्भ' सांगू नका. केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, असं पूर्ण सांगा आणि त्यानं नीट लिहून घेतलं का, ते बघा.